तुकोबांच्या पुलावरून : रेव्हरंड टिळकांची गाणी

देवाची आळवणी कोणत्या भाषेत करावी, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने सातशे वर्षांपूर्वीच दिले. १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि गीतेचा अर्थ मराठी ओवीत उतरला. पुढे नामदेव, एकनाथ, तुकाराम यांच्या अभंगांनी भक्तीला शेताच्या बांधावर, जात्यावर आणि बाजारपेठेत नेऊन बसविले. भाषा आपली, छंद आपला आणि सूरही आपला, असा हा त्रिवेणी संगम होता. परंतु भाषा आपली असूनही सूर परका असेल, तर काय होते? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात पुन्हा उभा राहिला, आणि तोही एका अगदी निराळ्या ठिकाणी. मुंबई, अहमदनगर आणि आसपासच्या खेड्यांतील ख्रिस्ती उपासनामंदिरांत मराठी माणसे मराठी शब्द गात होती. पण चाल मात्र सातासमुद्रापलीकडची होती.

या प्रश्नाला ज्यांनी आपल्या आयुष्याने उत्तर दिले, ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. बहुसंख्य मराठी वाचकांना ते दोन कारणांनी ठाऊक असतात. शाळेच्या पाठ्यपुस्तकात भेटणारी, जखमी पक्षिणीची करुण कहाणी सांगणारी ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता, हे एक कारण. आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या अजोड आत्मचरित्राचे नायक, हे दुसरे. ‘फुलामुलांचे कवी’ हे बिरुद तर त्यांच्या नावाला कायमचेच चिकटले आहे. मात्र भक्तिगीतांचे रचनाकार आणि कीर्तनाचे पुरस्कर्ते म्हणून त्यांनी जे कार्य केले, त्याची ओळख ख्रिस्ती समाजाबाहेर फारशी झालेली नाही. वास्तविक त्यांच्या जीवनातील सर्वांत मोठी उलाढाल याच क्षेत्रात झाली, आणि तिची किंमतही त्यांनी पुरेपूर मोजली.

शब्द आपले, चाल परकी

१८१३ साली अमेरिकन मिशनचे पहिले धर्मोपदेशक मुंबईत उतरले. १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगर येथे केंद्र उघडले, आणि १८४२ साली त्याच नगरातून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. शाळा, छापखाना, दवाखाना यांबरोबर उपासनेसाठी गीतेही हवी होती. धर्मोपदेशकांनी आपल्या देशातील गीतांचे मराठीत भाषांतर केले आणि ती मूळच्याच चालीवर बसविली. त्यांचा हेतू निर्मळ होता आणि परिश्रमही मोठे होते. अडचण होती ती भाषेच्या प्रकृतीची.

इंग्रजी भजनाचा एक सर्रास वापरला जाणारा साचा म्हणजे आठ, सहा, आठ, सहा अक्षरांच्या चार ओळी. त्याची लय शब्दातील आघातावर चालते. एक अक्षर हलके, पुढचे जोरकस, असा तो ठेका असतो. मराठीत असा आघात नाही. आपल्याकडे महत्त्व आहे ते ऱ्हस्व आणि दीर्घ उच्चाराला. त्यामुळे भाषांतरित गीत विलायती चालीवर म्हणू लागताच लांबवायचा सूर नेमका ऱ्हस्व अक्षरावर येई, दीर्घ अक्षर घाईने गिळावे लागे, आणि शब्द मधेच तुटून अर्थाची ओढाताण होई. शहरातील शिकलेला गायक हे सराव करून निभावून नेई. खेड्यातून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या भाविकाला मात्र ते गीत पाठही होत नसे आणि आपलेही वाटत नसे.

याउलट अभंग पाहावा. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांना यमक. इतका साधा हा हिशेब आहे. यमक स्मरणाला हात देते, आखूड चौथा चरण श्वास घ्यायला उसंत देतो, आणि ध्रुवपद आळवताना सगळा समुदाय सामील होतो. टाळ-मृदंग असले तर उत्तम, नसले तरी टाळी पुरते. निरक्षर माणसाला शंभर अभंग मुखोद्गत असतात, त्याचे रहस्य या रचनेतच आहे.

हे सामर्थ्य टिळकांच्या आधीही काही जणांनी ओळखले होते. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले. १६१६ साली राशोल येथे ते रोमन लिपीत छापले गेले. परदेशातून आलेल्या या धर्मगुरूने मराठी भाषेची केलेली स्तुती आजही अभिमानाने सांगितली जाते. अहमदनगर परिसरात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींवर ख्रिस्ती गीते रचली आणि कीर्तनाचा प्रकार उपासनेत रुजविला. म्हणजे वाट अगदीच अनोळखी नव्हती. तिचा राजमार्ग होण्यास एका प्रतिभावंत कवीची आवश्यकता होती.

करजगाव ते राजनांदगाव

नारायणरावांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, चित्पावन ब्राह्मण कुटुंबातला. लोकमान्य टिळकांचे ते समकालीन आणि त्यांच्याच जिल्ह्याचे. आईच्या सहवासात त्यांना काव्याची गोडी लागली. वडिलांचा स्वभाव कठोर होता. आईच्या निधनानंतर कोवळ्या वयातच त्यांनी घर सोडले आणि नाशिक गाठले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत काव्यशास्त्राचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेतील शिक्षण मात्र अर्धवटच राहिले. १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांची पत्नी झाली. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले.

यानंतरचा काळ भटकंतीचा होता. नोकरी धरावी, सोडावी, न सांगता घरातून निघून जावे, हे टिळकांच्या बाबतीत नित्याचे झाले. हाती आलेला पैसा टिकविणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. संसाराचा ताळेबंद जुळविण्याचे काम लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले, आणि पुढे तो सारा ताळेबंद त्यांनी हसत-खेळत ‘स्मृतिचित्रां’त मांडून ठेवला. नागपुरात असताना श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळकांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि ‘ऋषी’ नावाचे मासिकही चालविले. त्या काळात त्यांच्या मनात एक शोध सुरू झाला होता. जातिभेदाने विस्कळीत झालेला हा देश एकत्र यावा, तर त्याला प्रेमाचा आधार देणारा धर्म कोणता, हा तो शोध होता.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका गोऱ्या गृहस्थाशी गाठ पडली. काव्यावरून निघालेले संभाषण धर्मापर्यंत पोहोचले. निरोप घेताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली, आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी ते हसण्यावारी नेले; पण दिलेल्या शब्दाप्रमाणे पुस्तक वाचायला घेतले. डोंगरावरील प्रवचनाशी येऊन ते थबकले. ज्या प्रश्नांची उत्तरे ते शोधत होते, ती त्यांना तेथे गवसली.

१० फेब्रुवारी १८९५

या दिवशी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. कुणाच्या आमिषाने अथवा दडपणाने हा निर्णय झालेला नव्हता. त्याचे परिणाम मात्र एकट्या टिळकांना भोगावे लागले नाहीत. त्या काळात धर्मांतर म्हणजे जातीतून, घरातून आणि पंक्तीतून कायमचे उठणे होते. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. पती हयात असून संसार नाही, आणि समाजाच्या नजरेत दोष मात्र आपल्या पदरी, अशी ती अवस्था होती. जवळपास साडेचार वर्षांचा हा वियोग त्यांनी कसा सोसला, हे त्यांच्याच शब्दांत वाचावे.

पुढे लक्ष्मीबाई टिळकांकडे राहण्यास आल्या, त्या आपला धर्म आणि सोवळे-ओवळे सांभाळूनच. त्यांचे पाणी निराळे, स्वयंपाक निराळा. टिळकांनी कधी सक्ती केली नाही. जातिभेद माणसांनी निर्माण केला आहे, देवाने नाही, हा निष्कर्ष त्यांनी स्वतः विचार करून काढला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. कवीच्या पत्नीचा हा स्वतंत्र बाणा पुढे साहित्यातही प्रकट झाला.

धर्म बदलला म्हणून देश बदलत नाही, आणि देव बदलला म्हणून भाषा टाकावी लागत नाही, ही टिळकांची धारणा होती. ख्रिस्ती होणे म्हणजे पोशाख, आहार, बोलणे आणि गाणे यांत साहेबी रीत उचलणे, अशी समजूत त्या काळी दोन्ही बाजूंना होती. बाहेरचे लोक त्यामुळे ख्रिस्ती माणसाला परका मानीत, आणि अनेक ख्रिस्ती कुटुंबेही स्वतःला वेगळी मानू लागली होती. टिळकांनी या समजुतीला विरोध केला. आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते सांगत. या एका उद्गारात त्यांच्या साऱ्या गीतरचनेचे मर्म आहे. नदी ओलांडल्यावर मागचा पूल मोडण्याचे त्यांना काहीच कारण वाटले नाही.

नगरची गीतगंगा

अहमदनगर हे टिळकांच्या कार्याचे मुख्य क्षेत्र. (या जिल्ह्याचे व शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे.) तेथे धर्मशिक्षण देणाऱ्या विद्यालयात त्यांनी अध्यापन केले, आणि पुढे पाळकपदाची दीक्षा मिळून ते ‘रेव्हरंड’ झाले. प्लेगच्या साथीत या दांपत्याने रुग्णांची सेवा केली. अनाथ मुलांना घरात थारा दिला. आणि या सगळ्या धकाधकीत गीतांचा ओघ अखंड वाहत राहिला.

टिळकांच्या गीतांनी काय बदलले, हे तीन मुद्द्यांत सांगता येईल. पहिला मुद्दा छंदाचा. त्यांनी अभंग, ओवी, पद, आरती या मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेल्या रचना घेतल्या. त्यामुळे गीत ऐकताक्षणी ओठांवर येऊ लागले. दुसरा मुद्दा प्रतिमांचा. वारकरी संतांनी विठ्ठलाला माउली म्हटले. टिळकांनी ख्रिस्ताला माय म्हणून आणि गुरू म्हणून आळविले. परदेशी गीतांत देव प्रायः राजा अथवा न्यायाधीश म्हणून येई. टिळकांच्या गीतांत तो लेकराला पोटाशी धरणारा झाला. तिसरा मुद्दा भावाचा. भाषांतरित गीतात सिद्धांताचा भाग अधिक असे. टिळकांनी त्याच्या जागी व्याकूळता, शरणागती, रुसवा आणि मीलनाचा आनंद आणला. ही सारी संतकाव्याचीच परंपरागत ठेव. ती त्यांनी नव्या मंदिरात खर्ची घातली आणि वाढविली.

कीर्तनाच्या बाबतीतही असेच घडले. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण होते, मध्ये नामघोष होतो, आणि उत्तररंगात आख्यान लावले जाते. हाच आराखडा ठेवून उत्तररंगात बायबलमधील कथा सांगितली, तर ऐकणाऱ्यास काहीच उपरे वाटत नाही. घर सोडून गेलेला उधळा मुलगा आणि त्याची वाट पाहणारा बाप यांची गोष्ट मराठी कीर्तनकाराच्या मुखातून, पदे आणि साक्या यांच्या साथीने ऐकताना नगर जिल्ह्यातील शेतकऱ्याला ती आपल्याच गावची वाटणे स्वाभाविक होते. धर्मप्रसारातच नव्हे, लोकशिक्षणातही कीर्तन हे किती प्रभावी साधन आहे, हे टिळकांनी जाणले होते.

मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांची शंभराहून अधिक गीते आहेत. मुंबई, पुणे, नगर, नागपूर, कोल्हापूर येथील मराठी उपासनांत ती पिढ्यान्‌पिढ्या गायिली गेली आहेत. त्यांतील काही गीतांचे इंग्रजी अनुवाद निकोल मॅक्निकल या स्कॉटिश विद्वानांनी केले, आणि ते पाश्चात्त्य मंडळ्यांच्या गीतसंग्रहांतही समाविष्ट झाले. ज्या देशांकडून मराठी ख्रिस्ती समाजाने गीते उसनी घेतली होती, त्यांनीच आता मराठी कवीचे गीत आपल्या उपासनेत गावे, ही व्याजासह झालेली परतफेडच म्हटली पाहिजे. अमेरिकन मिशनचे डॉ. जस्टिन अॅबट यांनी तर उत्तरायुष्यात महाराष्ट्रातील संतकवींची ओळख इंग्रजी वाचकांना करून देणारी ग्रंथमालाच सिद्ध केली. पुलावरून येणे-जाणे दोन्ही दिशांनी होत असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मातीचा सूर, देशोदेशी

आपल्या मातीच्या सुरात देवाला हाक मारण्याची ही ओढ केवळ महाराष्ट्रापुरती मर्यादित नाही. ज्या अमेरिकेतून धर्मोपदेशक नगरला आले, त्याच अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागात गावकऱ्यांचे स्वतःचे संगीत होते. फिडल, बँजो आणि गिटार यांच्या साथीने गायिले जाणारे हे संगीत पुढे ‘कंट्री’ या नावाने जगभर गेले. १९२७ साली टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गावात एका ध्वनिमुद्रिका कंपनीने स्थानिक गायकांचे मुद्रण केले. त्यांतून कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स ही नावे पुढे आली. या संगीताच्या इतिहासातील तो महत्त्वाचा टप्पा मानला जातो. कार्टर कुटुंबाच्या गाण्यांत प्रेम, दारिद्र्य, विरह होता, तशीच भक्तिगीतेही होती. पुढे जॉनी कॅश यांनी १९६८ मध्ये फॉल्सम तुरुंगातील कैद्यांसमोर गाणी गायिली, आणि त्याच राकट आवाजात आयुष्यभर भक्तिगीतेही गायिली.

नगरचे अभंग आणि टेनेसीची गाणी यांचा परस्परांशी संबंध नाही. तथापि दोहोंमागची प्रेरणा सारखी आहे. शेतात राबणाऱ्या माणसाला देवळात शिरताना आपले बोलणे आणि आपला सूर उंबऱ्याबाहेर काढून ठेवावा लागू नये, ही ती प्रेरणा. वाद्यांच्या बाबतीत तर आपल्याकडे मोठी गमतीदार अदलाबदल झाली. युरोपातून आलेली पायपेटी भारतीय कारागिरांनी हातपेटीच्या रूपात आपलीशी केली, आणि ती कीर्तनात, भजनात, नाट्यसंगीतात रुळून गेली. परके वाद्य आपले होऊ शकते, मात्र ते वाजविणाराच्या बोटांत आपला राग असावा लागतो. टिळकांचे म्हणणे याहून फारसे निराळे नव्हते.

संपादक आणि कवींचा आधारवड

१९१२ पासून टिळकांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. धर्मांतरानंतरही मराठी कवितेच्या मुख्य प्रवाहाशी त्यांचे नाते तुटले नाही, ही विशेष नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. १९०७ साली जळगाव येथे कविसंमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या काव्याने सर्वांना थक्क केले आणि ‘बालकवी’ ही पदवी मिळविली. या मुलाला टिळकांनी पुत्रवत माया दिली. काही काळ तो त्यांच्या घरी राहिला. १९१८ साली रेल्वेच्या अपघातात बालकवींचा अकाली अंत झाला. ते दुःख टिळक दांपत्याला पोटच्या मुलाच्या मृत्यूसारखे झाले. ‘टिळकांची कविता’ हा संग्रह १९१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात निसर्ग, कुटुंब, देश आणि लहान मुले यांना मिळालेले स्थान पाहिले म्हणजे कवीने धर्माची सीमा ओलांडताना माणसांना मागे टाकले नव्हते, हे ध्यानात येते.

पगाराचा राजीनामा

१९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास, टिळकांनी आणखी एक पाऊल उचलले. मिशनच्या सवेतन सेवेतून ते मुक्त झाले आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या दरबारात बरोबरीने सामील व्हावेत, अशी त्यांची कल्पना होती. संन्यासाची भारतीय परंपरा त्यांनी ख्रिस्ती जीवनात आणू पाहिली. परदेशी पैशावर चालणारे कार्य लोकांना परकेच वाटत राहणार, आणि पगारी उपदेशकाच्या शब्दाला पगाराचीच किंमत मिळणार, हे शल्य त्यांना बोचत होते. गीत आपल्या सुरात आणल्यावर आता गाणाऱ्याचे जीवनही आपल्या रीतीचे व्हावे, असा तो आग्रह होता.

उतारवयात, प्रकृती साथ देत नसताना, निश्चित वेतनावर पाणी सोडणे म्हणजे काय, हे संसारी माणसास सांगण्याची आवश्यकता नाही. टिळकांच्या आयुष्याचे मूल्यमापन करताना हा निर्णय अव्यवहारी ठरविणे सोपे आहे, आणि त्याचा भार पुन्हा एकदा लक्ष्मीबाईंवर पडला, हेही नाकारता येत नाही. मात्र ज्याने आयुष्यभर शरणागतीची गीते लिहिली, त्याने ती स्वतःच्या अन्नवस्त्राच्या बाबतीतही खरी करून दाखविली, याचीही नोंद करावीच लागते.

दरबाराला पुरती दोन वर्षेही लाभली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दफन न करता दहन करण्यात आले आणि अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या. ज्या देशी रीतीचा त्यांनी गीतांत पुरस्कार केला, ती त्यांनी अखेरच्या प्रवासातही सोडली नाही.

अपुरे राहिलेले, पुरे केलेले

टिळकांच्या मागे एक मोठे काम अपुरे राहिले होते. ख्रिस्ताचे संपूर्ण चरित्र ओवीबद्ध करणारे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी १९०९ मध्ये आरंभिले होते. आरंभीचे मोजकेच अध्याय त्यांच्या हातून लिहून झाले. ते कोण पूर्ण करणार? ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. ज्यांना शाळेचे तोंड पाहण्याचा योग आला नव्हता, ज्यांना अक्षरओळख टिळकांनी करून दिली, ज्या जोडाक्षराशी अखेरपर्यंत झगडत राहिल्या, त्या लक्ष्मीबाईंनी तब्बल ६४ अध्याय रचले. अखेरचा अध्याय पुत्र देवदत्त यांनी लिहिला आणि १९३८ साली हे महाकाव्य ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ते पाहण्यास लक्ष्मीबाई मात्र नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली होती.

त्याआधी त्यांनी मराठी वाङ्मयाला एक अमूल्य देणे दिले होते. टिळकांच्या चरित्रासाठी साधने जमविताना देवदत्तांनी आईला आठवणी लिहून काढण्यास सुचविले, आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ साकार झाली. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत ती प्रसिद्ध झाली. या ग्रंथाचे इंग्रजी अनुवादही झाले असून शांता गोखले यांनी केलेला अनुवाद २०१७ साली आला. विक्षिप्त, उदार, तापट आणि निष्पाप अशा कवीचे हे चित्र पत्नीने काढले आहे. त्यात तक्रार आहे, पण कडवटपणा नाही. भक्ती आहे, पण आंधळेपणा नाही. धर्मांतराच्या दिवशी जिचा संसार मोडला असे सर्वांना वाटले होते, तिनेच पतीच्या गीताची अखेरची ओळ लिहावी, आणि त्याची कीर्तीही तिच्याच लेखणीने टिकवावी, ही घटना एखाद्या कादंबरीत वाचली असती तर योगायोग वाटली असती.

ठेव

स्टीफन्स, सांगळे, टिळक यांनी घातलेल्या पायवाटेवर पुढे अनेकांनी पावले टाकली. २०२० साली उस्मानाबाद (आता धाराशिव) येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो विराजमान झाले. ‘सुबोध बायबल’चे हे कर्ते जुलै २०२४ मध्ये निवर्तले. एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान मिळाला, तेव्हा चारशे वर्षांपूर्वी राशोल येथे सुरू झालेला प्रवास एका अर्थाने मुख्य मंडपात येऊन पोहोचला. टिळकांच्या काळी ख्रिस्ती माणसाची मराठी ही कुतूहलाची गोष्ट होती. ते कुतूहल पुष्कळसे मावळले, यात त्यांच्या गीतांचा वाटा मोठा आहे.

टिळकांनी मागे स्थावर जंगम मालमत्ता म्हणावी असे काही ठेवले नाही. पत्नी आणि मुले यांना त्यांच्या निर्णयांची झळ सोसावी लागली, आणि ‘देवाचा दरबार’ही त्यांच्यानंतर फार काळ भरला नाही. राहिली ती गाणी. मूळ कवीचे नाव ठाऊक नसलेली माणसेही रविवारच्या उपासनेत ती गातात. गीत लोकांचे झाले, की त्यावरील कवीची मुद्रा हळूहळू पुसट होते. अभंगाच्या अखेरच्या चरणात ‘तुका म्हणे’ असल्याने तुकोबांचे नाव तरी उच्चारले जाते. टिळकांच्या अनेक गीतांच्या नशिबी तेही नाही. तथापि नगर जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात पेटीच्या सुरावर, टाळ्यांच्या ठेक्यात, पुस्तक न उघडता त्यांचा अभंग म्हटला जातो, तेव्हा गाणारा आपण कोणाचे गीत म्हणत आहोत असा विचार करीत नाही. तो ते आपलेच म्हणून म्हणतो. टिळकांना हवे होते ते नेमके एवढेच.